रंग दिल्यावरही जुन्या सायकलला गंज परत का येतो: फ्रेम आधी अशी तपासा

जुनी काळी सायकल माळ्यावरून खाली येते. घासून, रेड ऑक्साइड मारून, वर काळा इनॅमल देऊन दिवाळीपर्यंत ती चकचकीत होते. पुढचा पावसाळा सरत नाही तोच खालच्या नळीवर मुगाएवढे फोड येतात. नखाने उचकटला की आत तपकिरी भुगा. मालक पुन्हा घासतो, पुन्हा रंग देतो आणि वर्षभराने फोड त्याच जागी हजर. दर वेळच्या घासण्याने नळी मात्र थोडी थोडी पातळ होत जाते.

अशा वेळी लोक पहिला प्रश्न विचारतात, ‘रंग कुठला चांगला?’ माझं म्हणणं असं की रंगाचा डबा अजून उघडूच नका. फोड त्याच जागी येत असेल तर एक तर तिथला गंज कधी पुरता निघालाच नव्हता, नाहीतर तो नळीच्या आतून बाहेर येतोय. महागातला रंग या दोन्हींपैकी एकालाही थोपवू शकत नाही. शिवाय नीट तपासलं तर कधीकधी कळतं की ही फ्रेम आता रस्त्यावर आणण्याच्या लायकीची राहिलेली नाही. हे रंग, क्रोम आणि नव्या टायरवर पैसे घालण्याआधी कळलेलं बरं.

इथे लिहितोय ते आपल्याकडच्या साध्या रोडस्टरबद्दल: 28 इंची चाकं, रॉड ब्रेक, लगमध्ये (सांध्यावरच्या लोखंडी खोबणीत) पितळेने जोडलेल्या नळ्या, कॉटर पिनचे क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे आडव्या पाचरीने ॲक्सलवर बसवलेले. यातल्या कंपन्या म्हणजे मद्रासची टी.आय. सायकल्स 1949 सालची, सोनीपतची ॲटलस 1951 ची, लुधियानाची हीरो 1956 ची. पण या सगळ्यांच्या काळ्या सायकलींचा साचा इंग्लंडच्या रॅले आणि बीएसए या कंपन्यांच्या घराण्यातलाच. त्यामुळे पुढचा बिल्ला कुठलाही असो, पाणी शिरायच्या आणि साचायच्या जागा त्याच.

फोड कुठे आलाय?

कापडाने सायकल पुसून भर उन्हात उभी करा आणि खडूने प्रत्येक फोडाभोवती गोल काढा. मग दोन पावलं मागे जाऊन त्या गोलांची मांडणी बघा. निम्मं निदान इथेच होतं.

सगळ्या फ्रेमभर बारीक बारीक ठिपके असतील तर प्रश्न वरचाच आहे. घासणं आणि प्रायमर यांच्यामध्ये वेळ गेला आणि दमट हवेत उघड्या लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा गंज धरला. नाहीतर रेड ऑक्साइड मारून फ्रेम कितीतरी दिवस तशीच ठेवली. रेड ऑक्साइडचा थर सच्छिद्र असतो, एकटा राहिला तर तो ओल पितो. अशी फ्रेम बहुधा शाबूत असते, काम फक्त नव्याने आणि सलग करायचं.

लगच्या कडेने ओळीत फोड आले असतील तर आधी विचारा, पूर्वी कोणी ही फ्रेम ॲसिडने धुतली होती का? बाथरूम साफ करायच्या ॲसिडने गंज झटपट निघतो, म्हणून काही जण तेच वापरतात. ते हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. लग आणि नळी यांच्यातल्या फटीत ते शिरलं की पाण्याने पूर्ण धुऊन निघत नाही, आणि त्यातला क्लोराइड रंगाखाली गंज पोसत राहतो. या ॲसिडच्या मी ठाम विरोधात आहे. त्याच्या वाफेनेच शेजारी टांगलेले पाने-पकडी तांबडे होतात, यावरून काय ते समजा.

खालच्या नळीच्या पोटाला, सीटच्या नळीच्या तळाशी किंवा मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन चेन-स्टे नळ्यांच्या सुरुवातीला, म्हणजे बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट, पेडलचा ॲक्सल ज्यात फिरतो तो तळाचा सांधा) आसपास फोड असतील, तर गंज आतून येतोय असं धरून चाला. या जागेवर पुढे सविस्तर लिहितो, कारण फ्रेम राहणार की जाणार हे बहुतेक वेळा इथेच ठरतं.

चौथा प्रकार समुद्राकाठचा. मालवण, वेंगुर्ला, रत्नागिरीच्या पडवीत वर्षानुवर्षं उभी राहिलेली सायकल किंवा गोव्यात पोदेराने पाव विकत फिरवलेली सायकल घ्या. तिच्यावर गंजाचे खड्डे असतात आणि खड्ड्यांच्या तळाशी मीठ. वरून पॉलिश पेपर मारला की सभोवतालचं लोखंड चमकतं, पण खड्ड्याच्या तळाला पेपर पोचतच नाही. सोलापूर किंवा नगरकडची तितकीच जुनी सायकल आणून शेजारी ठेवली तर फरक डोळ्यांना दिसतो. तिकडचा गंज पसरट आणि उथळ असतो, किनाऱ्यावरचा टोचल्यासारखा खोल.

बीबी उघडल्याशिवाय काही ठरवू नका

पाणी बीबीत येतं कुठून? वरून. सीटच्या नळीला मागच्या बाजूने जी चीर असते, ज्यावर सीटचा बोल्ट आवळतो, तिथून पावसाचं पाणी आणि मागच्या चाकाने उडवलेला चिखल आत जातो. हेडच्या, म्हणजे हँडल ज्यात फिरतं त्या पुढच्या नळीच्या बाजूने शिरलेलं पाणी खालच्या नळीतून उतरतं. बीबीला तेल घालायची छोटी टोपी असेल आणि ती हरवलेली असेल तर तिथूनही येतं. सगळ्या नळ्यांची उतरण बीबीकडे आणि बाहेर पडायला मात्र वाट नाही. सायकल वर्षानुवर्षं स्टँडवर उभी राहिली की हा चिखल तिथेच बसून नळीला आतून खात राहतो.

उघडताना घाई झाली तर चांगल्या फ्रेमचंही नुकसान होतं. कॉटर पिनचा नट काढून टाकू नका, पिनच्या टोकाशी सपाट होईल इतपत सैल करा, म्हणजे घाव आट्यांवर बसणार नाही. क्रँकच्या खाली, पिनच्या डोक्याभोवती, जाड पाइपचा तुकडा जमिनीपर्यंत टेकवा. डोकं पाइपच्या पोकळीत मोकळं राहिलं पाहिजे. मग एकच जोरदार घाव. आधाराशिवाय ठोकत बसलात तर तो सगळा मार बीबीतले छर्रे आणि ते ज्यात फिरतात ते कप खातात. पिन हलत नसेल तर आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवा. रॉकेल मिळालं तर उत्तमच, पण आता ते सहज कुठे मिळतं.

कप काढताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. चेनच्या बाजूचा फिक्स कप उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे माहीत नसल्याने कित्येक जण तो आणखी घट्ट करत जातात आणि शेवटी शेलच्या (बीबीच्या जाड नळकांड्याच्या) आट्या मारतात. मग गंज बाजूलाच राहतो आणि फ्रेम आट्यांपायी बाद होते.

ॲक्सल निघाला की फ्रेम वर्तमानपत्रावर उभी धरून लाकडी हातोडीने नळ्यांवर हलकेच टकटक करा. काय पडतंय ते बघा. कोरडी तपकिरी पूड पडली तर चिंता नाही, जुन्या सायकलीत ती असायचीच. काळसर, चपटे, कडक पापुद्रे पडले, बोटात धरून मोडता येतील असे, तर नळीने अंगचं लोखंड गमावलंय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून मूठभर पापुद्रे म्हणजे मूठभर लोखंड गेलं असं नाही. पण ते गेलं कुठून, हे शोधावंच लागतं.

त्यासाठी खोलीत अंधार करा. मोबाइलचा टॉर्च सीटच्या नळीच्या तोंडाशी धरून बीबीतून वर बघा, मग उलट बाजूने. कुठेही सुईच्या टोकाएवढा उजेड बाहेर दिसला तर तिथे आरपार भोक आहे. लग आणि शेलजवळ मुळात पाडलेली भोकं असू शकतात. ती गोल आणि स्वच्छ कडांची असतात, गंजाने पडलेलं भोक वेडंवाकडं आणि कडेला धारदार. मोबाइलला जोडायचा लांब वायरचा कॅमेरा कोणाकडे असेल तर मागून आणा. चेन-स्टेच्या आत बघायचा दुसरा सोपा मार्ग नाही.

आता टोच्या घ्या, चपला शिवणाऱ्याकडे असतो तसा. बीबीपासून वीतभर अंतरापर्यंत सगळ्या नळ्यांच्या पोटाला तो मनगटाच्या जोराने दाबत जा. शाबूत लोखंडावर टोक घसरतं आणि फक्त ओरखडा उठतो. पातळ झालेल्या जागी टोक रुततं आणि हाताला किंचित दबल्याची जाणीव होते. रंगाची काळजी करू नका, तो जाणारच आहे. टोच्या घुसला तर वाईट वाटतं, पण ते भोक तुम्ही पाडलेलं नसतं. त्या जागी फक्त रंग उरलेला असतो.

नाण्याने वाजवून बघणंही उपयोगी आहे, फक्त एकाच नळीवर वरपासून खालपर्यंत वाजवत जा. दोन वेगळ्या नळ्यांचे आवाज ताडून काही कळत नाही. खणखणीत आवाज एका ठिकाणी अचानक बद्द झाला तर तिथे आत पापुद्रे साचलेत किंवा वरून लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

लांबी ओळखायला चुंबक लागतं. फ्रीजवर चिकटवायचं चपटं चुंबक पातळ कागदावरून नळीवर सरकवत न्या. जिथे पकड सुटते तिथे रंगाखाली लोखंड नाही, पुट्टी आहे. दूधवाल्याच्या एका सायकलवर मी हे असं सापडलेलं बघितलंय. डावी चेन-स्टे वरून गुळगुळीत आणि रंगही ताजा, पण चुंबक एका जागी गळून पडलं. पेपरने घासल्यावर राखाडी लांबी निघाली, तिच्याखाली बोटाच्या पेराएवढी लांब भेग, आणि भेगेत कोंबलेला कापडाचा बोळा. अशी फ्रेम कोणी ‘रिस्टोअर केलेली’ म्हणून विकत देत असेल तर पैसे देण्याआधी खिशातलं चुंबक काढायला लाजू नका.

वाकलेलं आणि तडकलेलं

गंजाच्या नादात अपघाताच्या खुणा नजरेतून सुटतात. हेडच्या लगच्या लगेच मागे, दांडी आणि खालची नळी यांच्या पोटावरून अंगठा हळू फिरवा. समोरून धडक बसलेल्या सायकलीत तिथे नळीला सूक्ष्म सुरकुती पडते किंवा उंचवटा येतो. डोळ्याला तो दिसत नाही, अंगठ्याला कळतो. जुन्या रंगावर याच जागी आडव्या रेषा दिसल्या तर संशय पक्का करा.

सरळपणासाठी दोरा पुरतो. मागच्या चाकाच्या ॲक्सलच्या जागी एका बाजूला बांधा, हेडच्या नळीला पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूला आणून ताणा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजा. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर मागचा भाग एका अंगाला गेलाय. या साध्या पोलादाच्या फ्रेम थंडपणी वाकवून सरळ होतात, जुना मिस्त्री ते करतो. नळी चेमटलेली असेल तर मात्र नाही.

भेग शोधायची तर सांध्यांवर बघा. रंगावर लगच्या कडेला केसासारखी तांबडी रेघ दिसते. ती नुसती रंगाची चीर आहे की लोखंडाची, हे ओळखायला तिथला रंग काढून डिझेल लावा, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या, कोरडं पुसा आणि वर पांढऱ्या खडूची पूड घासा. लोखंड तडकलेलं असेल तर आत मुरलेलं तेल हळूहळू बाहेर येऊन खडूवर ओली रेघ उमटते. दुधाचे कॅन किंवा गॅसचे सिलिंडर वाहिलेल्या सायकलीवर ही चाचणी सीटच्या लगला आणि मागच्या ॲक्सलच्या टोकांना केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चिमट्याबाबत, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कबाबत, मी कोणाचंही ऐकत नाही. तो पूर्ण बाहेर काढायचा आणि हेडच्या नळीत राहणारी त्याची दांडी तपासायची, विशेषतः खालच्या टोकाला, जिथे ती चिमट्याच्या खांद्यात शिरते. वजन आणि ब्रेकचा सगळा ताण तिथे येतो आणि ती जागा बाहेरून कधीच दिसत नाही. तिथे खड्डे, पापुद्रे किंवा गोल फिरलेली गंजाची रेघ असेल तर चिमटा बदला. वेल्डिंग नको, रंग नको, ‘सावकाश चालवीन’ नको. फ्रेमची नळी सहसा आधी कुरकुरते, डुगडुगते आणि वेळ देते. चिमटा तुटला की माणूस तोंडावर पडतो. काळ्या सायकलीचा नवा चिमटा अजूनही दुकानात मिळतो, फक्त दांडीची लांबी जुन्याशी ताडून घ्या.

ठेवायची की सोडायची

रोडस्टरच्या नळ्यांची जाडी साधारण एक ते दीड मिलिमीटर असते. रंग काढल्यावर खड्ड्याची खोली व्हर्नियर कॅलिपरच्या मागच्या बारीक पट्टीने मोजता येते. माझा स्वतःचा ठोकताळा असा: नळीच्या मध्यावर पाव मिलिमीटरपर्यंतचे विखुरलेले खड्डे चालतात. तेच खड्डे सांध्यापासून दोन इंचांच्या आत असतील तर ती सायकल कॅरियरवर ओझं न घेता जवळपास फिरायला ठेवायची. टोच्या रुतला तर नळी बदलायची किंवा फ्रेम सोडायची. बीबीचं शेल जाड असतं, त्याला खालून एखादं भोक पडलं तर गॅसवर पितळेचा डाग देऊन भागतं. चेन-स्टेला भोक पडलं असेल तर ठिगळ मारून मी कोणाला ती चालवायला देणार नाही. आर्क वेल्डिंग तर या पातळ नळ्यांवर नकोच, भोक मोठं होऊन मिळतं आणि शेजारचं लोखंड कडक होऊन पुढे तिथे तडकतं.

हीच जाडी लक्षात घेऊन ग्राइंडर दूर ठेवा. फ्लॅप डिस्कने खड्डे ‘सपाट’ करणं म्हणजे आजूबाजूचं चांगलं लोखंड खड्ड्याच्या पातळीला उतरवणं.

गंज पुन्हा येऊ नये म्हणून

फ्रेम पास झाली असेल तर सायट्रिक ॲसिड आणा, किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं तेच. एक लिटर पाण्यात 50 ग्रॅम. फ्रेम बुडेल एवढं भांडं नसेल तर त्या पाण्यात भिजवलेली फडकी गुंडाळून वरून प्लास्टिक बांधा आणि फडकी सुकू देऊ नका. नळ्यांच्या आत ओतण्यासाठी बीबीला आणि सीटच्या नळीच्या चिरेला रबराचे बूच लावता येतात. रात्रभरात गंज मऊ होतो, तारेच्या ब्रशने निघतो. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा म्हणजे ॲसिड मरेल, आणि शेवटी साध्या पाण्याने. किनाऱ्यावरच्या फ्रेमला एक धुणं पुरत नाही. धुवा, वाळवा, परत धुवा, असं करत गेलं की खड्ड्यांतलं मीठ थोडं थोडं सुटतं.

आणि आता ती चाचणी, जी बहुतेक जण टाळतात. उघडी, कोरडी, स्वच्छ फ्रेम एक रात्र दमट जागी तशीच ठेवा. सकाळी सगळीकडे हलकी तांबूस झाक दिसली तर हरकत नाही, ती एका पेपरने जाते. पण मोजक्या खड्ड्यांत गडद ओलसर ठिपके उमटले आणि बाकीची नळी स्वच्छ राहिली, तर त्या खड्ड्यांत मीठ अजून आहे. पुढच्या पावसाळ्यातले फोड तुम्हाला आजच दिसतायत. तेवढ्याच जागा परत धुवा.

गंज-रूपांतरक म्हणून जी फॉस्फोरिक ॲसिडची बाटली मिळते ती पातळ, घट्ट धरलेल्या गंजावर काम करते. पापुद्र्यांवर ओतली तर वरचा थर काळा-राखाडी होतो आणि खालचा तसाच राहतो.

चाचणीत पास झालेल्या फ्रेमला शेवटचा पेपर मारल्यावर प्रायमर त्याच दिवशी, ऊन असताना द्यायचा. पावसाळ्यात हे काम काढूच नका. किनाऱ्यावर राहत असाल तर रेड ऑक्साइडऐवजी इपॉक्सी प्रायमर घ्या, फरकाचे पैसे वसूल होतात. जुना रंग काढताना ओला पेपर वापरा आणि तोंडाला मास्क लावा, जुन्या इनॅमलमध्ये शिसं असू शकतं.

आतून काय? बेलतेल, म्हणजे रंगाच्या दुकानात मिळणारं उकळलेलं जवसाचं तेल. प्रत्येक नळीत थोडं ओतून फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवायची, जादा तेल निथळू द्यायचं. ते सुकून आत पापुद्र्यासारखं बसतं. पावडर कोटिंग करणार असाल तर हे तेल नंतर घाला, कारण भट्टीत ते जळतं. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि अशी फडकी आपोआप पेट घेतात. ती उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. बीबीच्या शेलला अगदी तळाशी चार-पाच मिलिमीटरचं भोक नसेल तर पाडून घ्या, आत आलेल्या पाण्याला वाट मिळेल. तेलाच्या टोपीच्या जागी निदान रबराचा तुकडा तरी बसवा. सीटचा पिलर बसवताना त्याला ग्रीस लावा, नाहीतर काही वर्षांनी गंज फुगून तो नळीतच घट्ट बसतो.

क्रोमचं गणित वेगळं. मडगार्डच्या पट्ट्या, हँडल आणि रिमवर तपकिरी ठिपके असतील तर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासा, बरंचसं निघतं. क्रोम पापुद्र्यासारखं सुटत असेल तर घासून काही साधत नाही. रिमचं खरं मोजमाप मात्र टायर, ट्यूब आणि आतली पट्टी काढल्यावरच होतं. रॉड ब्रेकचे गुटके हबकडच्या अंगाला लागतात, म्हणून सगळे तीच बाजू बघतात. पाणी साचतं ते पट्टीखाली, निपलच्या (तारा आवळणाऱ्या छोट्या नटांच्या) भोकांभोवती. तिथे टोच्या लावा. मग निपलना डिझेल सोडून एकेक पाव आटा फिरवून बघा. निपल फिरला आणि तार स्थिर राहिली तर चाकाचा आऊट (वाकडेपणा) काढता येईल. तारच पिळायला लागली तर तारा कापून रिम आणि हब वेगळे करा आणि चाक नव्या तारांवर बांधून घ्या.